मांडूच्या अशर्फी महालातील तुटका बुरूज खरोखर विजयस्तंभ होता का?

होय, जामा मशिदीसमोरील अशर्फी महालाच्या वायव्य कोपऱ्यात दिसणारा तुटका बुरूज हा माळव्याचा सुलतान महमूद खिलजी (कारकीर्द १४३६ ते १४६९) याने मेवाडच्या राणा कुंभावरील विजयाच्या स्मरणार्थ १४४३ च्या सुमारास उभारलेल्या सात मजली मनोऱ्याचा उरलेला तळभाग आहे. फारसी भाषेत लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता याच्या ग्रंथात या मनोऱ्याचा उल्लेख येतो, आणि जागेवरील अवशेषही त्याला जुळतात: मूळ इमारत मदरशाची होती, तिच्या कोपऱ्यातील बुरुजांपैकी एकावर हे मजले चढवले गेले आणि पुढे मधले अंगण भरून त्याच चौथऱ्यावर सुलतानाची कबर बांधण्यात आली, जी आज बव्हंशी कोसळलेली आहे. मात्र ‘विजय’ हा शब्द जपून घ्यावा, कारण याच महमूदाला आपण हरवले असे सांगणारा नऊ मजली विजयस्तंभ राणा कुंभाने चित्तोडगडावर बांधला, आणि सुमारे ३७ मीटर उंचीचा तो स्तंभ अजून उभा आहे. रणांगणाचा निकाल काहीही असो, बांधकामात चित्तोडने बाजी मारली. इंदूरहून मांडू साधारण १०० किलोमीटरवर असल्याने ही वास्तू एका दिवसात पाहून परतता येते.