वाचकांचे प्रश्न : पंगतीत शिकवलेली समता

प्रश्न : मी माण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. ३ जानेवारी, ११ एप्रिल, १४ एप्रिल, २६ जून, २२ सप्टेंबर समाजसुधारकांच्या जयंतीच्या या तारखांना आम्ही प्रतिमापूजन करतो आणि मुले भाषणे पाठ करून येतात. मागच्या वेळी एका मुलीने सावित्रीबाईंवरचे भाषण फार सुरेख म्हटले. नंतर मी तिला विचारले, ‘तुला त्यांच्यातले काय आवडले?’ तर ती गप्प राहिली. या माणसांची प्रेरणा मुलांपर्यंत खरोखर पोहोचवायची असेल, तर काय करावे? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ती मुलगी गप्प राहिली, हे तिने प्रामाणिकपणे दिलेले उत्तर आहे, असे मी समजतो. ‘थोर’, ‘महान’, ‘क्रांतिज्योती’ या शब्दांना नऊ वर्षांच्या मुलीने नेमके धरायचे कुठे? सावित्रीबाई शाळेत जाताना वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर घेऊन निघत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून वर्गावर जात, एवढे जरी तिला नीट सांगितले असते, तरी ‘मग त्या शाळेत जायचे थांबल्या का नाहीत?’ हा प्रश्न तिने आपल्यालाच विचारला असता. तो प्रश्न मुलाच्या मनात उठणे म्हणजेच प्रेरणेची सुरुवात, असे मला वाटते.

पण माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. महाराष्ट्रातील ज्या सुधारकांनी विद्यार्थी घडवले, त्यांनी उपदेश थोडा केला आणि सोय फार केली. कोणी शाळा काढली, कोणी वसतिगृह काढले, कोणी फी माफ केली, कोणी दोन वेळच्या भाकरीची तजवीज केली. आणि त्यांची जी सामाजिक मूल्ये आपण आज परिपाठात वाचून दाखवतो, ती त्या सोयीच्या रचनेतच विणलेली होती. त्यामुळे मुलांना ती रचना उलगडून दाखवावी, मूल्याचे नाव नंतर सांगितले तरी चालते.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापुरात एका वसतिगृहात राहत होते. १९०८ साली शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभाला हा मुलगा हजर राहिला. परत आल्यावर ‘आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचे नाही’ असे त्याला सांगण्यात आले. त्याने आंघोळ करायचे नाकारले, आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. पुढे त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षणही अर्धवटच राहिले. मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा इथे थोडे थांबावे, कारण सगळा अर्थ या जागी आहे: ज्या विद्यार्थ्याचे ताट पंगतीतून उचलले गेले, त्यानेच पुढे अशी पंगत मांडली की जिच्यातून कोणालाही उठवले जाणार नाही.

१९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलवले. तेथे सुरू झालेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकाच छताखाली राहत, मिळून स्वयंपाक करीत, पाणी भरीत आणि एका ओळीत बसून जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. त्या काळी गावोगावी पाणवठे वेगळे होते, हे लक्षात घेतले म्हणजे एका हंड्यातले पाणी आणि एका तव्यावरची भाकरी या गोष्टीचे वजन कळते. त्या मुलांना समतेवर व्याख्यान देण्याची गरज उरली नसावी, कारण ती रोज दोन वेळा त्यांच्या ताटात येत होती.

या वसतिगृहाचा खर्च चालवण्यासाठी गावांतून मूठ-मूठ धान्य गोळा केले जाई, त्याला मुष्टिफंड म्हणत. आणि कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव तर आपल्या भाषणांत फार कमी येते, याची मला खंत वाटते. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून विकले, आणि एका प्रसंगी मंगळसूत्रही विकले, हे साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९३० साली त्या गेल्या. लेकीसुनांच्या गळ्यातील मंगळसूत्राचे मोल आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाला घरी बघून ठाऊक असते, त्यामुळे हा प्रसंग त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरे एक नाव मी आवर्जून सुचवतो, आणि ते कोणा सुधारकाचे नाही, विद्यार्थिनीचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे पाठ्यपुस्तकात येते. मात्र त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुलींनी त्या शिक्षणाचे काय केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी त्यांच्याच शाळेत शिकत होती. तिने लिहिलेला ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद पाहण्याचा अधिकार आम्हाला नसेल, तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे सांगते. आणि आपल्याच लोकांना ज्ञानरूपी औषध घ्या म्हणून विनवते. अवघी काही वर्षे शाळेत बसलेल्या मुलीच्या हातून हे लिहिले गेले. आपल्या चौथीच्या मुलींना सावित्रीबाई कदाचित दूरच्या, फोटोतल्या वाटतील. मुक्ता मात्र त्यांच्याच बाकावर येऊन बसेल.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. पुढच्या जयंतीला भाषणाऐवजी मुलांना घरी एक प्रश्न विचारायला पाठवा: आपल्या घरात सही करायला सगळ्यांत आधी कोण शिकले, कोणत्या साली, आणि कोणामुळे? कोणी आजोबांचे नाव आणेल, कोणी आईचे, आणि एखादे मूल सांगेल की माझी आजी अजून अंगठाच लावते. ती सगळी उत्तरे फळ्यावर सालांच्या क्रमाने लिहा, सर्वांत वर १८४८ लिहा, आणि मधली वर्षे मुलांना मोजू द्या. मग भिडे वाड्यातून निघालेली वाट आपल्या घरापर्यंत यायला किती वर्षे लागली, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज राहणार नाही. ज्या घरी ती अजून पोहोचलेली नाही, त्या मुलाला कमीपणा वाटणार नाही एवढी काळजी मात्र आपण घ्यावी. ‘तुझ्या घरात ते साल तू लिहिणार आहेस’ असे त्याला सर्वांसमोर म्हणावे.

आपल्या भागात मेंढ्यांमागे परमुलखात जाणाऱ्या कुटुंबांची मुले काही महिने पटावर असतात आणि वर्गात नसतात. त्यांच्याविषयीही याच निमित्ताने बोलता येईल. जोतीरावांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, हे त्यांनी परखडपणे दाखवले. शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि त्यासोबत नीती व आरोग्य यांचे काही धडे. नीतीचा धडा त्यांनी हिशेब आणि शेती यांच्याच ओळीत बसवला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा त्या मागणीला पस्तीस वर्षे झाली होती. आपल्या वर्गातील रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ‘हा मित्र परत येईल तेव्हा त्याचा राहिलेला अभ्यास कोण भरून देईल?’ असे विचारलेत, तर चार हात तरी नक्की वर येतील.

प्रश्न : ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा बाबासाहेबांच्या संदेशाचा क्रम बरोबर आहे की नाही, यावर आमच्या मंडळात वाद झाला. मुलांना कोणता क्रम शिकवावा? – एक पालक, नागपूर

उत्तर : वाद आपल्याच शहरात व्हावा हे योग्य आहे, कारण जुलै १९४२ मध्ये नागपूर येथील अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अखेरचा सल्ला म्हणून हे तीन शब्द उच्चारले, ते इंग्रजीत ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’ या क्रमाने. मराठीत रूढ झालेल्या घोषणेत दुसरा आणि तिसरा शब्द एकमेकांच्या जागी गेले. मुलांना मूळ क्रम जरूर सांगावा, आणि मधल्या शब्दाचा अर्थही. मी तो असा लावतो की शिक्षणाने माणूस आधी आतून अस्वस्थ होतो, आपल्या वाट्याला आलेल्या अन्यायाचे कारण शोधू लागतो, आणि अशी जागी झालेली माणसे एकत्र आली म्हणजे संघटना उभी राहते. ज्यांच्या तोंडी मराठी घोषणा बसली आहे, त्यांना मात्र चूक म्हणून हिणवू नये. त्या घोषणेच्या बळावर कित्येक घरांतील पहिली मुले शाळेत गेली आहेत.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कमवा आणि शिका योजनेत रोज तीन तास महाविद्यालयाच्या बागेत काम करतो. वर्गातील काही मुले त्यावरून टोमणे मारतात. घरी मी ‘ग्रंथालयात काम करतो’ असे सांगितले आहे, आणि त्याचे आता ओझे झाले आहे. – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मित्रा, हातात खुरपे धरण्यात तुझी काही चूक झालेली नाही, घरी खोटे सांगितलेस, एवढेच काय ते दुरुस्त करायचे आहे. ज्या योजनेत तू काम करतोस, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याच नावाने चालते. त्यांच्या वसतिगृहातील मुले शेतात राबत, इमारतींच्या कामाला हात लावीत, आणि त्या श्रमांतून स्वतःचे शिक्षण करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचे बोधवाक्य त्या अनुभवातून आलेले आहे. फुकट मिळालेल्या शिक्षणाने मुलाची मान खाली जाऊ नये, म्हणून श्रमाची अट होती, असे मी त्या योजनेचे मर्म समजतो. तू घेतलेले पैसे ही मदत नव्हे, ती तुझी मजुरी आहे.

टोमणे मारणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस. पण कोणी तुझ्या कामावरून सतत, ठरवून अपमान करीत असेल, तर योजनेचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना लेखी कळव. ते पाहणे त्यांचे कर्तव्य आहे. परीक्षेच्या महिन्यात कामाचे तास कमी करून मिळतात का, हेही त्यांनाच विचार, कारण शिकण्यासाठी कमवायचे आहे हा क्रम तुझ्या बाबतीत उलटा होता कामा नये.

आईला मात्र या आठवड्यातच फोन कर. तू कोणती झाडे लावलीस, कोणती जगली, हे तिला सांग. जिने आयुष्यभर मातीत काम केले असेल, ती पहिल्यांदा पाण्याची चौकशी करील.