बारा गावचं पाणी

निवृत्तीच्या समारंभात मामांचं कौतुक करताना ‘बारा गावचं पाणी प्यालेला माणूस’ म्हटलं आणि मामा रागावले. यात वाईट काय, आणि गावं बाराच का, असं सोलापूरच्या एका भाचीने विचारलं आहे.

वाईट काहीच नाही. हल्ली उठसूट कुठल्याही बेरकी माणसाला हे चिकटवतात, त्याचा हा परिणाम. ऐकून कान किटले. बेरकीपणाची छटा मागून आली, मुळात नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

चार ठिकाणी फिरून शहाणा झालेला, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. खरी गंमत ‘पाणी’ या शब्दात आहे. आपल्याकडे पाणी नुसतं पीत नाहीत. ते मानवतं, बाधतं, लागतं. बदलीच्या गावी गेलेला माणूस आठवड्यात अंथरुणाला खिळला की घरातली म्हातारी म्हणणार, ‘तिथलं पाणी लागलं त्याला.’ परक्या गावच्या आडाचं पाणी पोटाची परीक्षा घेतं. बारा वेळा ती देऊन जो उभा राहिला, तो बारा गावचं पाणी प्यालेला! अन्नाचं नाव न घेता पाण्याचंच घेतलं, ते याचसाठी.

याला पुरावा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, घरोघरी बोलला जातो. तेलुगूत एखाद्याला पुरतं जेरीस आणणं म्हणजे ‘मूडु चेरुवुल नीळ्ळु तागिंचडं’, तीन तळ्यांचं पाणी पाजणं. तिथेही पाणी म्हणजे त्रासच. हिंदीतल्या ‘घाट-घाट का पानी’वरून आपला वाक्प्रचार आला म्हणणाऱ्यांनी आधी शेजारच्या विणकराच्या घरात कान द्यावा.

आता बारा. काही जाणकार इथे बारा बलुतेदार आणतात. अहो, बलुतेदार एकाच गावात असतात, ते बारा गावचं पाणी कशाला पितील? बारा म्हणजे पुष्कळ: बारा वाटा, बारा भानगडी. आकडा दिसला की मोजत सुटायची ही खोड सोलापूरलाही भोवली आहे. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, असं अजून छापतात आणि गावांची यादीही देतात. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या शिलालेखात सोनलीपूर आहे, आणि सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांचं हे गाव कन्नडमध्ये सोन्नलिगे. त्यात सोळा कुठे आहेत?

मामा पूर्व भागात वाढलेले असतील तर त्यांना तीन तळ्यांचं सांगून पाहा.