शाळेच्या नावातला 'प्रिपरेटरी'

प्रश्न : पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. शाळा आधीची की पुतळा? आणि लष्करी शाळेच्या नावात 'प्रिपरेटरी' हा शब्द कशासाठी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पुतळा आधीचा. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये शिवस्मारकासाठी संस्था निघाली आणि १९२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली. पुतळा उभा राहिलेला पाहणे मात्र दोघांच्याही नशिबी नव्हते. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, माधवराव १९२५ मध्ये. सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला तो ब्राँझचा पुतळा मुंबईत ओतून रेल्वेने पुण्यास आणला गेला आणि जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. शाळा त्यानंतर चार वर्षांनी, १९३२ मध्ये, त्याच संस्थेने काढली.

'प्रिपरेटरी'चा उलगडा त्या काळच्या सैन्याकडे पाहिले की होतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींतले जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूटच्या वेढ्यात, उपासमार सोसून लढले. परंतु पलटणीचा साहेब इंग्रजच असे, आणि उभी हयात फौजेत घालवलेल्या, छातीवर पदके मिरवणाऱ्या सुभेदारालाही नुकत्याच मिसरूड फुटलेल्या इंग्रज लेफ्टनंटला सलाम ठोकावा लागे. फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट अकॅडमीचे दार १९१८ मध्ये भारतीयांना उघडले, तेही वर्षाला अवघ्या १० जागांपुरते. पुढे १९३२ मध्येच डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली आणि तिथल्या पहिल्या तुकडीच्या ४० जागांपैकी १५ जागा खुल्या स्पर्धापरीक्षेसाठी ठेवण्यात आल्या.

खेड्यातल्या शेतकऱ्याच्या किंवा पेन्शनर सुभेदाराच्या मुलाच्या अंगात हिंमत भरपूर होती. कमी पडत होते ते इंग्रजी, मैदानी खेळांची शिस्त आणि मुलाखतीला बसलेल्या साहेबांच्या नजरेला नजर देऊन उत्तर देण्याची सवय. या गोष्टी चार महिन्यांच्या शिकवणीने येत नाहीत. पहाटेच्या बिगुलाला उठणे, परेडला बुटांना पॉलिश करून उभे राहणे, संध्याकाळी खेळणे आणि रात्री ठरल्या वेळी अभ्यासाला बसणे हे वर्षानुवर्षे अंगवळणी पडावे लागते, आणि म्हणून अशा शाळेला वसतिगृह लागतेच. अशी शाळा अधिकारी तयार करत नाही. अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीच्या दारापर्यंत मुलाला नेऊन पोचवते. 'प्रिपरेटरी' म्हणजे ही पूर्वतयारी. शिवस्मारकासाठी जमलेल्या मंडळींनी पुतळ्यावर न थांबता हे काम हाती घेतले, हे मला पुतळ्याइतकेच मोलाचे वाटते.

आपण साताऱ्याहून लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्याच गावी १९६१ मध्ये निघाली, आणि तिच्यामागे सरकार उभे होते. पुण्यात हे काम एका खासगी संस्थेने त्याआधी २९ वर्षे सुरू केले होते.