गालापागोसला १६ जणांच्या छोट्या बोटीने जावं की मोठ्या क्रूझने? छोटीचे पैसे खरंच वसूल होतात का? आई-वडीलही बरोबर असणार आहेत.

तुमच्या प्रश्नातलं ते 'पैसे वसूल' वाचलं आणि हात शिवशिवले, कारण या दोन शब्दांवरून आमच्याकडे अजून भांडणं होतात. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी कामाचं. तीन हजार माणसं, वरती घसरगुंड्या, खाली कॅसिनो असली क्रूझ गालापागोसला नाहीच. ही बेटं इक्वेडोरची, आणि एका जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी, हा त्यांचा नियम आहे. मोठ्या क्रूझ कंपन्या तिथे आहेत, पण त्यांनीही शंभरात बसेल असं जहाज वेगळं आणलंय. म्हणजे तुमचा खरा प्रश्न आहे १६ जणांची बोट की ९०-१०० जणांचं जहाज. आणि किनाऱ्यावर पाय ठेवला की दोघांना नियम एकच, एका गाइडमागे १६ माणसं, गाइड नॅशनल पार्कच्या परवान्याचा, ठरलेली पायवाट, प्राण्यांपासून २ मीटर लांब, फ्लॅश नाही, ड्रोन नाही, खिशात खाऊ नाही, आणि संध्याकाळी ६ च्या आत बेट रिकामं. मग फरक कशात पडतो? वेळेत. हे मला ब्रोशर वाचून कळलेलं नाही, आमच्या साडूभाऊंमुळे कळलंय.

साडूभाऊ पक्के क्रूझवाले. कॅरिबियन झालं, भूमध्य झालं, अलास्का झालं, आणि प्रत्येक वेळी आल्यावर किती बंदरं झाली त्याचा आकडा. माणूस वाईट नाही, पण प्रवास म्हणजे त्यांच्या हिशेबी भागिले असतं, एकूण खर्च भागिले बंदरं. त्यांना मी गालापागोसला १६ जणांच्या बोटीवर नेलं. म्हणजे बायकांनी ठरवलं दोघी बहिणी एकत्र जायचं, बुकिंग मी केलं, आणि तेव्हापासून त्या ट्रिपमध्ये जे जे झालं ते माझ्या नावावर.

कुरकुर विमानतळावरच सुरू झाली. मुख्य भूमीवरून निघतानाच बॅगा तपासतात, फळं-बिया काही चालत नाही, वर २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड, आणि बाल्ट्राला, म्हणजे विमानतळाच्या बेटावर, उतरलात की पार्कची फी (ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर झालीय, आधी १०० होती, कॅश जवळ ठेवा). साडूभाऊ म्हणाले, 'अजून बेट दिसलं नाही तर दारातच एवढे?' बोट बघितल्यावर तर चेहराच पडला. जेवायला एकच टेबल, ठरलेली वेळ, रात्री शो-बिओ काही नाही, गाइड नकाशा लावून उद्याचं सांगणार आणि नऊला सगळे झोपणार, कारण सकाळी सहाला डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत, बसायचं.

मग एस्पान्योला. हे अगदी आग्नेयेचं बेट, बोट रात्रभर चालते, आणि आम्ही गेलो त्या दिवसांत समुद्र चांगलाच उसळलेला होता. सकाळी पुंता सुआरेझला उतरलो तेव्हा साडूभाऊ हिरवेपिवळे. धक्क्याच्या पायऱ्यांवर समुद्रसिंह आडवे पसरलेले, त्यांना ओलांडायचं नाही, ते बाजूला होईपर्यंत थांबायचं. पुढे खडकांवर सागरी इग्वानांचे, म्हणजे समुद्रात पोहणाऱ्या मोठ्या सरड्यांचे, ढीग, अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले, आणि मधूनच एखादी नाकातून खारट पाण्याची पिचकारी मारते ती शेजारणीच्या डोक्यावर. समुद्रातलं शेवाळ खातात, अंगात जास्त झालेलं मीठ असं फेकतात. डोकी पांढरी दिसतात ती त्या मिठाने. इथपर्यंत साडूभाऊ जरा रमले होते.

तिथून पुढे वाट अरुंद होते, आणि वाटेच्या बरोब्बर मध्ये निळ्या पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्याचं घरटं. घरटं म्हणजे काय, जमिनीवर थोडीशी उकरलेली जागा आणि भोवती विष्ठेचं पांढरं वर्तुळ. मादी त्यात अंड्यांवर. गाइडने हात वर केला, सगळे थांबले. साडूभाऊंनी आधी फोन काढला, मग एक पाऊल पुढे, गाइड नम्रपणे म्हणाला मागे या, हे मागे आले आणि मग मराठीत माझ्यावर सुरू, 'अहो, रोजचे इतके डॉलर मोजून मी रस्त्यात पक्षी बसलाय म्हणून ताटकळायचं? बाजूने घ्या म्हणावं त्याला.' मी म्हटलं, भाऊ, पक्ष्याचं घर आहे ते. ते म्हणाले, 'मग वाट दुसरीकडून काढायची होती पार्कवाल्यांनी.' (वाट आधी होती आणि बूबी नंतर येऊन बसली. त्यांना वाटेवरची मोकळी जमीन आवडते. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.)

गाइड मात्र खाली उकिडवा बसला आणि हळू आवाजात दाखवायला लागला. मादीची बाहुली मोठी दिसते, नराची बारीक, डोळ्यावरून ओळखा. अंडी पोटाखाली नाही तर त्या पडदेवाल्या पायांखाली धरून उबवतात. तेवढ्यात नर समुद्रावरून आला, शीळ घातल्यासारखा आवाज, तिने भोंग्यासारखा जाड आवाज काढला, मग दोघांचं एक पाय वर, दुसरा पाय वर, माना वर, आणि पाळी बदलली. ती उठली तेव्हा दोन अंडी दिसली, क्षणभरच, मग याने त्यावर पाय ठेवले. ती समोर चार पावलं चालली आणि उडून गेली.

आता मुद्दा ऐका. आम्ही तिथे बसलेले असताना मागून मोठ्या जहाजाचा एक गट आला. त्यांच्या गाइडलाही हे सगळं दाखवायचं असणार, तोही तेवढाच शिकलेला, पण त्याच्या मागे त्याच जहाजाचे बाकीचे गट डिंगीतून उतरत होते. त्याने दोन मिनिटं थांबून माणसांना दगडांवरून कडेने एकेक करून पुढे नेलं. शंभर माणसं म्हणजे सोळा-सोळाचे सहा-सात गट, सगळ्यांना तीच वाट, उतरायलाही डिंगीच्या फेऱ्या आणि परत जायलाही. आमच्या बोटीवर गट एकच. थांबायचं तर सगळी बोट थांबली. पैसे कशाचे मोजता विचाराल तर या थांबण्याचे, केबिनचे नाहीत.

पुढे कड्यावर अल्बाट्रॉस, हाही समुद्रपक्षी. हा वेव्हड अल्बाट्रॉस जगात जवळपास या एकाच बेटावर पिल्लं वाढवतो, साधारण एप्रिल ते डिसेंबर, बाकीच्या महिन्यांत गेलात तर कडा रिकामा. पंख पसरले तर दोन मीटरच्या वर, पण चालताना इतका बेंगरूळ की हसू येतं, डुलत डुलत कड्यापर्यंत जातो आणि सरळ खाली झोकून देतो. साडूभाऊ तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, जिंकलो. रात्री जेवताना म्हणाले, 'हे यूट्यूबवर याहून जवळून दिसतं.'

झालं, तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात, चार माणसं जमली की यांचं ठरलेलं, 'आमच्या साडूंनी आम्हाला अर्धा तास कोंबडीएवढा पक्षी दाखवायला पृथ्वीच्या पलीकडे नेलं.' लोक हसतात. मीही हसायचो आधी.

त्यांचा दुसरा आवडता मुद्दा म्हणजे छोटी बोट हा श्रीमंतांचा नखरा, मोठ्या जहाजाने जास्त लोकांना परवडतं, मग नियम कशाला? आता याला उत्तर मी नाही, नियम करणाऱ्यांनी दिलंय. अंटार्क्टिकात ५०० हून जास्त प्रवाशांचं जहाज माणसं किनाऱ्यावर उतरवतच नाही, नुसतं फिरून परत येतं, आणि त्याहून लहान जहाजांनाही एका जागी एका वेळी १०० माणसंच उतरवता येतात. नॉर्वेने उत्तर ध्रुवाकडच्या आपल्या स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित भागात १ जानेवारी २०२५ पासून जहाजावर जास्तीत जास्त २०० प्रवासी असं केलं. या लोकांना काय साडूभाऊंशी वैर आहे? पायवाट, घरटी, किनारा यांना किती माणसं झेपतात त्यावरून आकडा ठरतो. मोठ्या क्रूझवर तुम्ही जहाज बघायला जाता, बेट खिडकीतून. ज्याला ते आवडतं त्याने खुशाल जावं, पण मग पेंग्विन बघितले म्हणून सांगू नये. (अलास्काचा अल्बम बघितलाय मी. व्हेल नाही, बुफे आहे.)

परवडण्याच्या बाबतीत मात्र ते अगदीच चूक नाहीत, हे त्यांच्यासमोर मी बोलत नाही. गालापागोसला जाणारे बहुतेक लोक हल्ली बोटीवर राहतच नाहीत, पुएर्तो आयोरासारख्या गावात हॉटेलात राहतात आणि दिवसाच्या बोटींनी नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे, सांता फे ही जवळची बेटं करून येतात. खर्च बराच कमी. फर्नांदिना आणि खेनोवेसा ही बेटं तशी सहसा होत नाहीत, लांब आहेत. न उडणारे पाणकावळे बघायचे असतील तर फर्नांदिना आणि इसाबेलाची पश्चिम बाजू, त्याला मुक्कामी बोटच.

आणि छोटी बोट घेतली म्हणजे निसर्ग वाचवला असंही समजू नका, माणशी डिझेल छोट्या बोटीवर जास्तच जळत असेल. तिथवरच्या विमानाचं तर बोलायलाच नको. जानेवारी २००१ मध्ये सान क्रिस्तोबालजवळ जेसिका नावाचा टँकर खडकावर चढला, त्यात बेटांसाठीचं डिझेल होतं तसं एका टुरिस्ट जहाजासाठीचं बंकर तेलही (जहाजांचं जाड इंधन) होतं. तेल बरंचसं वाऱ्या-प्रवाहाने बाहेर गेलं, सगळ्यांना वाटलं वाचलो, आणि वर्षभरात सांता फे बेटावरच्या ६२ टक्के सागरी इग्वाना मेल्या. आपण तिथे कुठल्याही आकाराच्या बोटीतून गेलो तरी इंधन लागतंच.

तर तुमचं काय. जहाजाचे फोटो बघत बसू नका, मार्ग बघा. एका बोटीला तीच जागा १४ दिवसांच्या आत परत करता येत नाही, म्हणून प्रत्येक बोटीचे दोन आठवड्यांचे मार्ग ठरलेले असतात, एका आठवड्यात पश्चिम, दुसऱ्यात एस्पान्योला किंवा खेनोवेसा. एका आठवड्यात सगळं दाखवतो म्हणणाऱ्या एजंटचा फोन ठेवून द्या. जून ते नोव्हेंबर पाणी थंड, समुद्र खवळलेला, पण पाण्याखाली जीव भरपूर. डिसेंबर ते मे समुद्र शांत, पाणी कोमट, मधूनच सरी.

आई-वडील बरोबर आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि हे खरं तर मी वरतीच लिहायला हवं होतं, गुडघे दुखत असतील तर माझं सगळं विसरा आणि शंभरवालं जहाज घ्या. हलतं कमी, डॉक्टर बहुधा बरोबर असतो, चालायचं नसेल त्या दिवशी डिंगीतून फेरी असा पर्याय मिळतो. १६ च्या बोटीवर गाइड एकच, तो कंटाळवाणा निघाला तर आठवडाभर तोच, हाही धोका आहेच. पुंता सुआरेझची वाट सगळी दगडगोट्यांची आहे, काठी न्या.

आणि छोटीच घेतलीत तर केबिन खालच्या डेकवर, मधोमध. तिथे सगळ्यात कमी हलतं. मी तीच घेतली होती. साडूभाऊंनी जास्तीचे पैसे भरून वरची बाल्कनीवाली घेतली, मी नको म्हणत असताना, आणि त्या रात्रीच्या उलट्यांचं खापर आजही माझ्यावरच फुटतं.