वाड्यात डिटेक्टर फिरवू का?

प्रश्न : सर, आमचा पडका वाडा पैठणजवळच्या गावात आहे, माळवद (मातीचं सपाट छत) कधीच खाली आलंय. आजी सांगायची की बळदात (धान्य साठवायच्या कोठीत) काहीतरी पुरलंय. मित्राचा मेटल डिटेक्टर आणून बघितलं तर एक काळपट नाणं सापडलं, त्यावर चारमिनार आहे. आता पुढं खोदू का?

उत्तर : दादा, चारमिनारवालं नाणं म्हणजे हैदराबादच्या निजामाचा हाली सिक्का, म्हणजे त्याच्या राज्यातलं चलन, मराठवाडा तेव्हा त्याच्याच राज्यात होता ना. आधी एक करा, ते चिंचेनं किंवा लिंबानं घासू नका, लोक चकाकी आणायच्या नादात नाण्यावरची अक्षरंच घालवून बसतात आणि हिजरी (इस्लामी कालगणनेचं) साल वाचता आलं नाही तर मग अभ्यासाला काय उरतं? कोरड्या कागदात ठेवा, कुठं, किती खोल सापडलं तेही लिहा.

खोदायचं मात्र थांबवा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, वाडा स्वतःचा असला तरी. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी हो, तिथं खाली काय असेल सांगता येत नाही! संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत तर खोदकामाला बंदीच आहे.

बाकी पडक्या वाड्यात डिटेक्टर बहुतेक वेळा खिळे नि कडीकोयंडेच दाखवतो. भिंतीही कच्च्या झालेल्या असतात, पावसाळ्यात बळदाकडं अजिबात जाऊ नका.