मुलगा म्हणतो, एवढं शिकून तुला काय मिळालं?

प्रश्न : ताई, मी २२ वर्षं डॉक्टरकी करतेय. पूर्वी मी सांगितलं की विषय संपायचा, आता पेशंट मोबाईलवर सगळं वाचून येतो आणि माझीच उलटतपासणी घेतो. मुलाला मेडिकलला जायचंच नाहीये, म्हणतो एवढं शिकून तुला काय मिळालं. काय सांगू त्याला?

उत्तर : मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये, हे आधी सांगते. डॉक्टर, वकील, सीए यांचा बराचसा मान बंद कपाटातल्या ज्ञानाचा होता, पुस्तकं त्यांच्याकडे, भाषा त्यांची, आपण नुसती मान डोलवायची. ते कपाट इंटरनेटनं उघडलं आणि बरंच झालं असं मला वाटतं, पेशंटनं प्रश्न विचारला तर त्यात अपमान कसला हो!

मला जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. स्वतःचा दवाखाना किंवा ऑफिस चालवणारे कितीतरी जण आता मोठ्या हॉस्पिटलात, फर्ममध्ये नोकरी करतात, दिवसाला किती पेशंट बघायचे, किती तासांचं बिल लावायचं ते वरचे ठरवतात. २०१६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की डॉक्टर एक तास पेशंटसमोर बसला तर जवळपास दोन तास कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात. म्हणजे पेशंट सांगतोय छातीत दुखतंय, आणि डॉक्टरची नजर स्क्रीनवर, बोटं कीबोर्डवर. त्याला वाटणारच ना की माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तुमच्या मुलानंही घरात तेच पाहिलं असेल, जेवण आटोपलं की लॅपटॉप उघडून बसलेली आई.

पण एक गोष्ट अजून कुणी हिरावलेली नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे निकाल दाखले म्हणून कोर्टात सादर केले, कोर्टानं ५,००० डॉलर दंड ठोकला, आणि तो भरायचा होता वकिलांना आणि त्यांच्या फर्मला, कारण कागदावर सही माणसाची होती. उत्तर आता कुठूनही मिळतं, चुकलं तर अंगावर घेणारा माणूस मात्र लागतोच.

म्हणून त्याला मानाचं, पैशाचं काही सांगू नका. कुणाचा तरी जीव तुमच्या एका निर्णयावर होता अशी एखादी रात्र असेलच ना तुमच्याकडे, ती सांगा, हात थरथरत होते तेही सांगा, लपवू नका. एवढं ऐकूनही नको म्हणाला तर जाऊ द्या त्याला त्याच्या वाटेनं.