ब्लू रिज पार्कवे दोन दिवसांत होईल का?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो, ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून आईबाबा येताहेत, त्यांना ब्लू रिज पार्कवे हा डोंगरांतून जाणारा रस्ता दाखवायचाय, दोन दिवसांत पूर्ण होईल का? बाबांचे गुडघे दुखतात.

उत्तर: अहो पूर्ण कशाला करताय! 469 मैलांचा रस्ता, स्पीड लिमिट जास्तीत जास्त ताशी 45 मैल, आणि दर वळणावर आई म्हणणार थांब रे जरा फोटो काढू. 1935 ला काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा 1987 ला जोडला, तुम्हाला दोन दिवसांत कुठलं उरकायचंय. त्यापेक्षा लिन कोव्ह व्हायाडक्ट हा पूल बघा, माइलपोस्ट (मैलाचा दगड) 304 जवळ. ग्रँडफादर माउंटनचा उतार फोडायचा नाही म्हणून पूलच डोंगराला वळसा घालत नेलाय, गाडीत बसल्या बसल्या दिसतो, गुडघ्यांना त्रास नाही. मध्य ऑक्टोबरला तिथे झाडं लालपिवळी असतात, गर्दीही मरणाची, म्हणून वीकेंड टाळा. पार्कवेवर पेट्रोल पंप नाहीत, टाकी आधीच फुल्ल करा. आणि 2024 च्या हेलीन वादळाने बरंच नुकसान केलंय, तेव्हा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग बंद आहे ते निघायच्या सकाळी बघाच. चहाचा थर्मास आणि बाबांचा स्वेटर विसरू नका, वर वारा बोचरा असतो.